पावसाचा हिशेब, दुसऱ्यालाही पडताळता येईल असा

वाशिम जिल्ह्यात यंदा अतिवृष्टी किती वेळा झाली, हा प्रश्न वरवर साधा आहे. निकष ठरलेला आहे: एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळतात. तरीही तिघांनी तेच आकडे घेतले तर तीन उत्तरं निघू शकतात. एकानं तालुक्याची सरासरी धरली, त्यामुळे अनसिंगला कोसळलेला पाऊस बाकीच्या कोरड्या मंडळांत वाटला गेला आणि ६५ च्या खाली आला. दुसऱ्यानं रिकामा रकाना शून्य धरला. तिसऱ्याच्या संगणकानं तारखाच उलट्या वाचल्या.

सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या जिल्ह्यात असा आकडा पंचनाम्याच्या आणि पीक विम्याच्या चर्चेत येतो. म्हणून उत्तर देणाऱ्याला ते कसं काढलं हेही दाखवता आलं पाहिजे, आणि समोरच्याला तोच हिशेब स्वतःच्या संगणकावर करून तेच उत्तर मिळालं पाहिजे. त्यासाठीची फुकट साधनं कोणती, ती कशी चालतात आणि कुठे दगा देतात, ते या लेखात पावसाच्याच उदाहरणावरून टप्प्याटप्प्यानं पाहू. आपल्याला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल.

एक्सेल बहुतेकांना येतं, आणि छोट्या कामाला ते पुरतं. अडचण अशी की एक्सेलमध्ये सूत्र आकड्याच्या मागे लपलेलं असतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध जगभर गाजला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानं त्यांच्याकडून मूळ शीट मागून घेतली, तेव्हा २०१३ मध्ये लक्षात आलं की सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायचं ते ४४ व्या ओळीवरच थांबलं होतं आणि पाच देश हिशेबातून सुटले होते. शीट मिळाली नसती तर ही चूक छापील निबंधातून दिसलीच नसती.

सूत्र असं लपू नये म्हणून नोटबुक वापरतात. नोटबुक म्हणजे संगणकावरचा असा दस्तऐवज, ज्यात आपलं लिखाण, हिशेबाच्या आज्ञा आणि त्यातून निघालेले तक्ते-आलेख एकाखाली एक राहतात. सात-बारावर आजची स्थिती दिसते, पण ती तशी कशी झाली हे पाहायला फेरफार काढावा लागतो. नोटबुकमध्ये हे दोन्ही एकाच कागदावर असतात.

आज यासाठी चार ओपन सोर्स साधनं विचारात घेण्यासारखी आहेत. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना उघडा असतो आणि जे वापरायला परवान्याचे पैसे लागत नाहीत. सगळ्यांत जुनं ज्युपिटर: फर्नांडो पेरेझ यांच्या ‘आयपायथन’ प्रकल्पातून त्याची नोटबुक २०११ मध्ये आली आणि २०१४ पासून ते वेगळ्या नावानं चालू लागलं. क्वार्टो २०२२ मध्ये जाहीर झालं. आर ही संख्याशास्त्राची भाषा वापरणाऱ्यांना परिचित असलेल्या ‘आर मार्कडाउन’चं ते पुढचं रूप. मारिमो हे पायथन या भाषेसाठीचं ताजं साधन. आणि प्लूटो, ज्युलिया या भाषेसाठी.

आधी आकडे

साधन कुठलंही घ्या, पहिला टप्पा फाइल उतरवण्याचा आहे. उतरवलेली फाइल ‘कच्चे’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात उतरवल्याची तारीख घाला, आणि तिला पुन्हा हात लावू नका. एखादा आकडा चुकीचा दिसला तरी तो त्या फाइलमध्ये दुरुस्त करायचा नाही. दुरुस्ती नोटबुकमध्ये आज्ञा म्हणून लिहायची, म्हणजे ती कुणी आणि का केली हे दिसत राहतं. संकेतस्थळावरचे आकडे मागाहून सुधारले जाऊ शकतात. नोटबुक दर वेळी थेट तिथूनच आकडे ओढत असेल, तर पुढच्या महिन्यात तोच कोड वेगळं उत्तर देईल आणि बदल कुठे झाला हे शोधता येणार नाही.

रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजण्याची पद्धत आहे. म्हणजे १४ जुलैच्या संध्याकाळी पडलेला पाऊस १५ जुलैच्या तारखेखाली सापडतो. गावातल्या माणसाच्या आठवणीतली तारीख आणि तक्त्यातली तारीख यांत एका दिवसाचा फरक पडला तर घाबरू नका, पण नोटबुकच्या पहिल्या परिच्छेदात हे एका वाक्यात लिहून ठेवा.

रिकामा रकाना आणि शून्य यांत मोठा फरक आहे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामं म्हणजे नोंदच आली नाही: यंत्र बंद असेल, संपर्क तुटला असेल. रिकाम्या जागी शून्य भरलं की पावसाचा खंड आहे त्यापेक्षा लांब दिसतो. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाळी दिवस’; त्यामुळे खंड मोजताना रिकाम्याला शून्य धरण्याची ही एक चूक पूर्ण निष्कर्ष फिरवू शकते. रिकामे रकाने किती होते हा आकडा उत्तराच्या शेजारीच छापा.

नावांची गफलत तर आपल्या जिल्ह्याला विशेष भोवते. मालेगाव तालुका वाशिममध्ये आहे आणि नाशिकमध्येही. कारंजा म्हटलं की आपल्याला कारंजा लाड आठवतं, पण वर्ध्यात कारंजा घाडगे आहे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचं नाव धुळ्यातल्या शिरपूरशी जुळतं. राज्यभराच्या दोन फाइली नुसत्या तालुक्याच्या नावावर जोडल्या, तर नाशिकचा पाऊस वाशिमच्या खात्यात येऊन बसतो आणि संगणक काहीच तक्रार करत नाही. जिल्हा आणि तालुका दोन्ही मिळून जोडा, किंवा जिथे आहे तिथे सांकेतिक क्रमांक वापरा. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याचा क्रमांक ५०२ आहे. इंग्रजी फाइलींत जिल्ह्याचं पहिलं अक्षर कुठे डब्ल्यू असतं तर कुठे व्ही, तेही आधी एकसारखं करून घ्या.

जुने आकडे हवे असतील तर आणखी एक लक्षात ठेवा. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीची जिल्हास्तरावरची आकडेवारी अकोल्याच्या नावाखाली आहे. अकोल्याचा १९९० आणि २०१० चा आकडा शेजारी ठेवून ‘घट’ काढली तर ती घट नकाशाची असते.

ज्युपिटर: सुरुवात सोपी, शिस्त आपली

ज्युपिटर बसवायचं म्हणजे आधी पायथन आणि मग ज्युपिटरलॅब. बरेच जण ॲनाकोंडा नावाचा मोठा संच एकदमच बसवतात. मोठ्या संस्थांसाठी त्याच्या वापराच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वाचून घ्या. मिनीफोर्ज हा हलका आणि मोकळा पर्याय आहे. ज्युपिटर ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की इंटरनेट लागतं. एकदा बसवल्यावर लागत नाही. पत्त्याच्या पट्टीत ‘लोकलहोस्ट’ दिसतं, म्हणजे सगळं आपल्याच संगणकावर चाललेलं असतं. नेट गेलं तरी काम थांबत नाही.

पानावर कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. एका कप्प्यात आज्ञा लिहायची, शिफ्ट आणि एंटर दाबायचं, खाली उत्तर येतं. डाव्या बाजूला चौकटी कंसात एक क्रमांक उमटतो: हा कप्पा कितवा चालवला ते तो सांगतो. पडद्यामागे आज्ञा पाळणारा जो कार्यक्रम असतो त्याला कर्नल म्हणतात, आणि त्याच्या स्मरणात आपण दिलेली प्रत्येक गोष्ट राहते.

गडबड इथेच होते. समजा तिसऱ्या कप्प्यात आपण मर्यादा ६५ लिहिली. मग सहज पाहू म्हणून खाली नवा कप्पा काढून मर्यादा ५० केली, मोजणीचा कप्पा पुन्हा चालवला, आणि तो नवा कप्पा पुसून टाकला. आता पानावर कुठेही ५० नाही. वर स्वच्छ ६५ लिहिलेलं दिसतं. पण कर्नलच्या स्मरणात अजून ५० च आहे, आणि तक्त्यात आलेली दिवसांची संख्या ५० मिलिमीटरची आहे. ही फाइल दुसऱ्याला पाठवली की तो वाचताना ६५ समजणार, आणि त्यानं चालवली की वेगळंच उत्तर येणार. आपण पाठवलेल्या फाइलीत याची एकच खूण उरलेली असते: कंसातले क्रमांक ३, ४, ५ असे न जाता ३, ९, ५ असे उड्या मारतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकच कप्पा दोनदा चालवणं. मिलिमीटरचे सेंटिमीटर करायला दहानं भागणारा कप्पा चुकून दुसऱ्यांदा चालला की सगळा पाऊस आणखी दहापट कमी होतो. यावर सोपा उपाय: मूळ रकान्यावर उत्तर लिहू नका, नव्या नावाचा रकाना तयार करा. मग कितीही वेळा चालवलं तरी उत्तर तेच राहतं.

दोन्हीवरचा मोठा उपाय मेनूमध्येच आहे. ‘रीस्टार्ट कर्नल अँड रन ऑल सेल्स’ दाबलं की स्मरण पुसलं जातं आणि कप्पे वरून खाली क्रमानं चालतात. फाइल कुणाला पाठवण्याआधी हे केलंच पाहिजे. ही साधी गोष्ट किती जण करत नाहीत याचा अंदाज २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासातून येतो. झ्वाव फेलिपे पिमेंतेल आणि सहकाऱ्यांनी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या सुमारे १४ लाख नोटबुका गोळा केल्या. त्यांतल्या चालवून पाहण्याजोग्या नोटबुकांपैकी जेमतेम २४ टक्के चूक न दाखवता शेवटपर्यंत गेल्या, आणि मूळचीच उत्तरं आली फक्त ४ टक्क्यांच्या आसपास.

ज्युपिटरची फाइल आणखी एका बाबतीत जपावी लागते. आज्ञा आणि उत्तरं दोन्ही तिच्यातच साठतात. आपण लाभार्थी शेतकऱ्यांची यादी वाचली, पहिल्या पाच ओळी डोळ्यांखालून घालाव्यात म्हणून पडद्यावर आणल्या, आणि मूळ यादी न देता फक्त नोटबुक पाठवली, तरी त्या पाच शेतकऱ्यांची नावं आणि खाते क्रमांक नोटबुकमधून गेलेले असतात. बाहेर देण्याआधी सगळी उत्तरं पुसायची आज्ञा मेनूत आहे. ‘एनबीस्ट्रिपआउट’ नावाचं छोटं साधन हे काम आपोआप करतं.

उत्तरं आत असल्यामुळेच दोन जणांनी एकाच फाइलवर काम केलं की कुणी काय बदललं हे पाहणं कठीण जातं. एक शब्द बदलला तरी फाइलीत शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. ‘ज्युपिटेक्स्ट’ हे जोडसाधन त्याच नोटबुकची साध्या मजकुरातली जुळी फाइल ठेवतं. बदल तिच्यात स्वच्छ दिसतात.

क्वार्टो: अहवाल द्यायचा असेल तेव्हा

क्वार्टोची फाइल म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्येही उघडते. वर शीर्षक आणि काही सूचना, खाली आपला मराठी मजकूर, आणि मध्येमध्ये कुंपण घातल्यासारखे आज्ञांचे तुकडे. ‘रेंडर’ म्हटलं की क्वार्टो ती फाइल वरून खाली चालवतं आणि अहवाल बनवून देतं: वेबपान, पीडीएफ किंवा वर्ड. आर, पायथन आणि ज्युलिया, तिन्ही भाषा चालतात. आर मार्कडाउनच्या जुन्या फाइलीही बहुधा जशाच्या तशा चालतात, तेव्हा आधी केलेलं काम फेकायला नको.

माझ्या मते ज्यांना दर महिन्याला किंवा दर हंगामाला तोच अहवाल नव्या आकड्यांनी द्यायचा असतो, त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. वाक्यातले आकडेसुद्धा हिशेबातून येतात. ‘रिसोड तालुक्यात अतिवृष्टीचे इतके दिवस’ या वाक्यात संख्या हातानं टंकायची गरज नाही, त्यामुळे तक्त्यात एक आणि मजकुरात दुसरी असं होत नाही. कार्यालयीन अहवालांत ही चूक फार दिसते.

क्वार्टोचे दोन सापळे ओळखून ठेवा. पहिला: ज्युपिटरची तयार नोटबुक क्वार्टोला दिली, तर ते ती पुन्हा चालवत नाही, आत साठलेली उत्तरंच वापरतं. चालवायला सांगावं लागतं. दुसरा: मोठे प्रकल्प भराभर व्हावेत म्हणून ‘फ्रीझ’ नावाची सोय आहे, जी मजकूर बदलला नसेल तर जुनी उत्तरं ठेवते. आकड्यांची फाइल बदलली पण मजकूर तोच राहिला, तर ती मागच्याच महिन्याचा पाऊस नव्या तारखेच्या अहवालात छापू शकते. मासिक अहवालासाठी ही सोय बंद ठेवा.

मारिमो आणि प्लूटो: स्मरणाचा घोळ मुळातच नको असेल तर

मारिमोमध्ये मर्यादेचा कप्पा ६५ वरून ५० केला की त्या मर्यादेवर अवलंबून असलेले सगळे कप्पे आपोआप पुन्हा चालतात. कप्पा पुसला की त्यातली किंमतही स्मरणातून जाते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला कप्पा लगेच चूक दाखवतो. ज्युपिटरमध्ये वर जो घोळ पाहिला, तो इथे होत नाही. फाइल साध्या पायथनची असते, त्यामुळे कुणी काय बदललं हेही नीट दिसतं.

याची किंमत एका नियमात मोजावी लागते: एक नाव एकाच कप्प्यात ठरवता येतं. एकाच तक्त्याला दहा कप्प्यांत तेच नाव देत जाण्याची ज्युपिटरमधली सवय इथे पहिल्याच दिवशी अडते. नवख्याला हे जाचक वाटतं, पण प्रत्येक तक्त्याला वेगळं नाव दिल्यानं पुढे वाचणाऱ्याचं भलंच होतं. मात्र एका कप्प्यात केलेल्या यादीत दुसऱ्या कप्प्यातून भर घातली, तर ते मारिमोच्या लक्षात येत नाही. यादी जिथे केली तिथेच पूर्ण करा. हिशेब जड असेल तर दर बदलाला सगळं पुन्हा चालू नये म्हणून आपोआप चालणं बंद करता येतं. आणि फाइलीत उत्तरं साठत नाहीत, त्यामुळे नुसती फाइल पाठवली तर समोरच्याला आलेख दिसणार नाहीत. वेबपान काढून तेही सोबत द्या.

प्लूटो २०२० चं, आणि आपोआप चालण्याची कल्पना त्यातही आहे. त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञांचे संच, आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोटबुकच्या फाइलीतच लिहिल्या जातात. पण त्यासाठी ज्युलिया शिकावी लागते, आणि पहिल्यांदा उघडताना लायब्ररी उतरायला चांगलं नेट आणि धीर दोन्ही लागतात. गणिताच्या विभागात ज्युलिया चालत असेल तरच तिकडे वळा.

आवृत्त्या लिहून ठेवा

पायथनमध्ये तक्त्यांसाठी पँडाज ही लायब्ररी सगळे वापरतात. तिची दुसरी मोठी आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली आणि तारीख वाचायची रीत बदलली.

आपल्या फाइलीत तारखा दिवस-महिना-वर्ष अशा असतात: ०१/०६/२०२३ म्हणजे १ जून. पँडाजला काही सांगितलं नाही तर ती अमेरिकी पद्धतीनं आधी महिना धरते, म्हणजे ६ जानेवारी. जुनी आवृत्ती १२ तारखेपर्यंत असं उलटं वाचायची आणि १३ तारखेला ‘तेरावा महिना नाही’ म्हणून मुकाट सुलटं वाचायला लागायची. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस असे विखुरले की पावसाळ्याच्या गाळणीतून फक्त ९० दिवस उरतात, आणि त्यांतलेही काही चुकीच्या तारखेला बसलेले. नवी आवृत्ती पहिल्या ओळीवरून रीत ठरवते आणि १३ तारखेला येताच चूक दाखवून थांबते. तोच कोड, तीच फाइल: एका संगणकावर चुकीचं उत्तर, दुसऱ्यावर उत्तरच नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. तारखेची रीत स्वतः स्पष्ट सांगा, संगणकाला ओळखायला लावू नका. आणि लायब्ररींची नावं आवृत्तीसह एका फाइलीत लिहून नोटबुकशेजारी ठेवा: पायथनमध्ये ‘रिक्वायरमेंट्स’ नावाची साधी मजकूर फाइल, आरमध्ये ‘आरएन्व्ह’ हे साधन.

त्याच जोडीला एक तपासणी नोटबुकमध्येच घाला: मंडळांची संख्या गुणिले १२२ इतक्या ओळी भरल्या नाहीत तर पुढे चालूच नको. एका ओळीची ही आज्ञा नाशिकचं मालेगाव, गहाळ झालेला दिवस आणि उलटी तारीख, तिन्ही पकडते.

आलेखावर मराठी

मराठीत काम करणाऱ्यांना जी अडचण येते ती इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेखाच्या लायब्ररीत ‘वाशिम’ लिहिलं की नुसत्या चौकटी उमटतात, कारण तिच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा फॉन्ट दिला की अक्षरं येतात, पण बऱ्याच आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी श च्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘रिसोड’ आणि ‘वाशिम’ दोन्ही बिघडतात. फॉन्ट बदलत बसून हे सुटत नाही.

आलेख ब्राउझरकडून काढून घेणाऱ्या लायब्ररी वापरा. अल्टेअर किंवा प्लॉटलीत मराठी नीट दिसतं. आरमध्ये ‘रॅग’ ही लायब्ररी हे काम उत्तम करते. क्वार्टोतून पीडीएफ काढताना देवनागरी फॉन्टचं नाव फाइलच्या वरच्या सूचनांत द्यावं लागतं. वेबपान काढलं तर तेही लागत नाही.

निकालाचा तक्ता सीएसव्ही म्हणून साठवला आणि एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी विचित्र चिन्हं दिसली, तर फाइल बिघडलेली नसते. साठवताना ‘यूटीएफ-८-सिग’ ही लिपीची पद्धत निवडा, एक्सेल बरोबर वाचतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या सरकारी फाइली मात्र आधी युनिकोडमध्ये बदलाव्याच लागतात, आणि देवनागरी आकडे संख्या म्हणून वाचले गेले की मजकूर म्हणून, हेही तपासावं लागतं.

दुसऱ्याच्या हाती देताना

आपल्याकडे फाइल जाते ती व्हॉट्सॲपवरून, आणि उघडली जाते मोबाइलवर. ज्युपिटरची फाइल मोबाइलवर धड उघडत नाही. वेबपान उघडतं. पण क्वार्टो आलेखांची चित्रं बाजूच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं, त्यामुळे नुसतं पान पाठवलं तर मजकूर जातो आणि आलेख मागे राहतात. ‘एम्बेड-रिसोर्सेस’ ही सूचना वर लिहिली की सगळं एकाच फाइलीत बसतं.

वाचणाऱ्याला हिशेब चालवून पाहायचा असेल तर पूर्ण फोल्डर द्या: कच्चे आकडे, नोटबुक, आवृत्त्यांची यादी आणि ‘आधी हे वाचा’ असं अर्ध्या पानाचं मराठी टिपण. समोरच्याकडे काहीच बसवलेलं नसेल तर फोल्डर गिटहबवर ठेवून बाइंडर ही मोफत सेवा वापरता येते. ती दुव्यावर टिचकी मारताच चालती नोटबुक उघडते, थोडी वाट पाहावी लागते इतकंच. ज्युपिटरलाइट तर पूर्ण ब्राउझरमध्येच चालतं. गूगल कोलॅब पुष्कळ जण वापरतात आणि शिकायला ते सोयीचं आहे, पण ते ओपन सोर्स नाही, खातं आणि नेट दोन्ही मागतं, आणि चढवलेल्या फाइली बैठक संपली की जातात. अतिवृष्टीचा हिशेब कायमचा ठेवायला ते भरवशाचं ठिकाण नव्हे. काम पक्कं झाल्यावर झेनोडो या मोफत भांडारात ठेवलं तर त्याला कायमचा क्रमांक मिळतो आणि वर्षांनंतरही नेमकी तीच प्रत सापडते.

निवड कशी करायची? पहिल्यांदाच शिकत असाल तर ज्युपिटर घ्या, कारण अडलं तर विचारायला माणसं आणि साहित्य सगळ्यांत जास्त आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि तिथल्याच ‘फॉसी’ प्रकल्पानं अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं नोटबुकांच्या रूपात खुली केली आहेत. पायथन जमतं आणि दोघं-तिघं मिळून काम करणार असाल तर सरळ मारिमो. अहवाल द्यायचा असेल तर, हिशेब कशातही केलेला असो, शेवट क्वार्टोत करा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि जिल्ह्याच्या कार्यालयांत मला हिशेबाची नोटबुक आणि क्वार्टो हीच जोडी टिकाऊ वाटते.

फोल्डर देण्याआधी ते स्वतःच्या संगणकावर तपासून भागत नाही. आपल्या संगणकावर आज्ञेत लिहिलेला सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता सापडतो, विसरलेली लायब्ररी आधीच बसवलेली असते, फॉन्ट असतो. हे काम न केलेल्या माणसाला फोल्डर पेनड्राइव्हवर द्या, टिपणात लिहिलंय तेवढंच करायला सांगा आणि जवळ बसून काही बोलू नका. तो जिथे थांबेल तिथलं वाक्य टिपणात लिहायचं राहिलंय. फाइलींचे पत्ते फोल्डरपासून सुरू होणारे ठेवा, ड्राइव्हपासून नव्हे. वर्ष आणि मर्यादा नोटबुकच्या पहिल्या कप्प्यात एकदाच लिहा, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरमध्ये नवी फाइल ‘कच्चे’मध्ये टाकून फक्त एक आकडा बदलावा लागेल.